वेल्टाची आठवी ताटली

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी लॅबमधला फोन वाजला. रक्ताचे नमुने मशीनला लावून मी नुकतीच चहासाठी उठले होते. फोनवर आमच्याच हॉस्पिटलातल्या, दोन मजले वरच्या वॉर्डची सिस्टर होती. "वेल्टाच्या नेक्स्ट ऑफ किन तुम्हीच ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, मी शेजारीण." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण इथे तुमचंच नाव आहे... आणि नात्याच्या रकान्यात लिहिलंय, भिंतीपलीकडची." मग तिनं आवाज खाली आणला, आणि ती पुढचं वाक्य बोलायच्या आधीच मला ते कळलं. तासाभरापूर्वीच मी वर डोकावून आले होते. वेल्टा झोपलेली होती. उजवा हात ब्लँकेटवर, तळहात वर आणि उघडा, कुणी त्यावर काहीतरी ठेवील म्हणून धरलेला असावा तसा. मी घाईत होते. तो हात हातात घ्यायचं राहून गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे लिहितेय तेव्हा १९९९ साल संपायला मोजके दिवस उरलेत. एकतीस तारखेला बाराच्या ठोक्याला सगळे काँप्युटर बंद पडणार म्हणून आमच्या लॅबमध्ये मीटिंगांवर मीटिंगा चालू आहेत. मला त्याची काही धास्ती वाटत नाही. मी धास्तावलेय ती ब्रेडच्या एका तुकड्यामुळे. आणि ते सांगायचं तर वेल्टाबद्दल अगदी सुरुवातीपासून सांगायला हवं.

आम्ही १९८१ साली नॉटिंगहॅमला आलो. सुधीर, म्हणजे माझा नवरा, भूल देणारा डॉक्टर; मी बायोकेमिस्ट. पहिलं घर घेतलं ते जोडघर होतं, मधली भिंत सामायिक. भिंतीपलीकडे वेल्टा एकटी राहायची. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती, शहरातल्या एका लेसच्या कारखान्यात तपासनीस होती. सामान लावून झाल्यावर मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, तर कुंपणावरून तिनं विचारलं, "कुठल्या देशातून आलीस?" मी म्हटलं, "इंडिया." त्यावर ती अगदी सहज, नातेवाइकांची खुशाली विचारावी तशी म्हणाली, "आहे का तो अजून?" मला हसू आलं. ती हसली नाही. म्हणाली, "माझा नाही."

तिचा देश लाटव्हिया. बाल्टिक समुद्राकाठचा, आपल्या चार-पाच मोठ्या जिल्ह्यांइतका. दोन महायुद्धांच्या मधली वीसेक वर्षं तो स्वतंत्र होता, मग सोव्हिएत युनियननं गिळला. माझ्या शाळेतल्या अ‍ॅटलासमध्ये त्या जागी नुसता गुलाबी रंग होता. वेल्टाकडे कुठलाच पासपोर्ट नव्हता. होतं ते एक निळसर प्रवासाचं कागदपत्र, त्यात राष्ट्रीयत्वाच्या पुढे 'अनिश्चित' असा शिक्का. पस्तीस वर्षं इथे राहूनही तिनं ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, माझं नाव एका यादीत आहे. दुसऱ्या यादीत घातलं तर पहिल्या यादीवाले शोधायचे कुठे?" मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहे. (आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं. पण आता ती आठवते तेव्हा मराठीत बोलते आणि मला 'अगं' म्हणते, म्हणून तशीच लिहितेय.)

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दुपारी चारचा सुमार, बाहेर अंधारून आलेलं. मी भिंतीला लागून असलेल्या खोलीत कणीक मळत होते. भिंतीतून आवाज आला. वेल्टाचाच, पण नेहमीचा नाही; शाळेत हजेरी घेताना बाई नावं पुकारतात तसा. एक नाव, मग शांतता. दुसरं नाव, मग शांतता. 'हजर' म्हणायला लागतो तेवढाच वेळ ती थांबत होती. सात नावं झाली. आठवं नाव तिनं तीनदा पुकारलं, आणि त्यानंतरची शांतता इतकी लांबली की कणकेतला हात तसाच ठेवून मी भिंतीकडे बघत उभी राहिले. सुधीर म्हणाला, "अगं, रेडिओ असेल." रेडिओ नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

हे काय आहे ते मला त्याच्या पुढच्या वर्षी समजलं, आणि तेही सासूबाईंमुळे. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि पितृपक्ष सुरू झाला. सासूबाईंनी खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं साग्रसंगीत केलं आणि पान मागच्या शेडच्या छपरावर ठेवलं. कावळे काही आले नाहीत. काळीपांढरी मॅगपाय आली. पलीकडच्या बाजूच्या साहेबानं उंदीर होतील म्हणून कौन्सिलला पत्र लिहायची धमकी दिली. वेल्टा मात्र कुंपणापाशी येऊन हात जोडल्यासारखी उभी राहिली. पक्षी उडून गेल्यावर तिनं मला विचारलं, "तुमचे येतात इथपर्यंत? कसे येतात?" मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, वाऱ्यासारखे येतात. त्यांना कोण अडवणार?" मी भाषांतर करून सांगितलं. वेल्टानं शेडच्या रिकाम्या छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझे सात तसेच येतात. आठवा अडलाय." सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या मला म्हणाल्या, "हिचं कुणीतरी यायचं राहिलंय गं."

त्या ऑक्टोबरअखेर तिनं मला बोलावलं. शेतातली कामं आटोपून दिवस लहान व्हायला लागले की तिच्याकडे मृतांना जेवायला बोलवायची रीत. स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं होतं. निळ्या काठाच्या आठ ताटल्या. प्रत्येकीत काळ्या, आंबूस राय ब्रेडचा एक जाड तुकडा, बार्लीची खीर, शेजारी बिअरचा छोटा पेला. मागचं दार वीतभर उघडं. तेव्हापासून दरवर्षी ती दाराशी उभी राहून नावं पुकारायची, मग आम्ही दोघी मागच्या खोलीत जाऊन तासभर न बोलता बसायचो. नंतर ती परत येऊन एकेक तुकडा उजव्या तळहातावर घ्यायची. कारखान्यात तीस वर्षं तिनं हेच केलेलं, लेसचा पट्टा तळहातावरून सरकवायचा आणि एक धागा सुटला असला तरी डोळे मिटून सांगायचं. तुकडा हातात घेतला की ती म्हणायची, "हलका." म्हणजे येऊन जेवून गेले. वडील, हलका. आई, हलका, ही आई तिच्याबरोबरच इथे आली होती आणि नॉटिंगहॅमलाच वारली होती. आजी, आजोबा, दोन मावश्या, एक काका... सगळे हलके. आठवा तुकडा ती दोन्ही हातांत घ्यायची. "जड," म्हणायची आणि तो परत ताटलीत ठेवायची. मग पुन्हा दाराशी जाऊन सगळ्यांना निरोप द्यायची: "आलात, खाल्लंत, प्यायलात. आता वाटेनं जा. पेरलेल्या शेतात पाय देऊ नका." तिच्या मागच्या दारी शेत म्हणजे सुधीरचा मेथीचा वाफा होता, पण निरोप हाच.

आठवी ताटली कार्लिसची. तिचा धाकटा भाऊ. १९४४च्या शरद ऋतूत रशियन फौजा जवळ आल्यावर ही तिघं, आई, वेल्टा आणि कार्लिस, बंदरावर पोहोचली. धक्क्यावर एक अधिकारी हातातल्या यादीतून नावं वाचत होता. नाव वाचलं तो बोटीवर. आईचं वाचलं, वेल्टाचं वाचलं. कार्लिसचं वाचलंच नाही. अधिकारी म्हणाला, उरलेल्यांची नावं नंतर. लोक रांग मोडून, पैसे चारून, पोत्यांमागे लपून चढत होते. आई ओरडत होती, चढ रे, चढ. "पण तो नियमाचा माणूस," वेल्टा म्हणाली. "गवतावर चालू नका अशी पाटी दिसली की अर्धा मैल वळसा घालून जाणारा. तो म्हणाला, नाव वाचलं की येतो." बोट सुटली. पुढे कुणा कोळ्यानं कळवलं की तो पोरगा कितीतरी दिवस रोज धक्क्यावर यायचा आणि यादी विचारायचा. त्यानंतर काही नाही. तो मेला कधी, कसा, हे कुणालाच ठाऊक नाही. एकोणीस वर्षांचा होता. मी म्हटलं, "पण आता... मेल्यावर कसली यादी?" वेल्टा म्हणाली, "बाबा आमचे जिवंत असतानाही रांग मोडायचे, ते येणारच. कार्लिस नाही येणार. मी पुकारून उपयोग नाही गं. यादी ज्यांच्या हातात आहे त्यांनी पुकारायला हवं."

मी शास्त्र शिकलेली बाई. मला ते ऐकून गलबललं, पण पटलं नाही. ब्रेड तासभर उघडा राहिला की वाळतो, वजन कमी होतं, त्यात आश्चर्य काय? तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, मी लॅबमधला लहान इलेक्ट्रॉनिक तराजू पिशवीत घालून नेला. वेल्टाला सांगितलं, हरकत नाही ना? ती म्हणाली, "तपासणी केव्हाही चांगली." आधी आठ तुकडे मोजले, तासाभरानं पुन्हा आठ. सात तुकड्यांचं वजन दीड-दोन ग्रॅमनी कमी झालेलं. बरोबर, पाणी उडालं. कार्लिसच्या तुकड्याचं मात्र शतांश ग्रॅमसुद्धा घटलेलं नव्हतं. मी तराजू शून्यावर आणून पुन्हा मोजलं. जागा बदलून मोजलं. तोच ब्रेड, त्याच सुरीनं कापलेला, तेच उघडं दार, तोच एक तास... घरी आल्यावर सुधीर म्हणाला, "अगं, ती प्लेट रेडिएटरपासून लांब असेल, दॅट्स ऑल." लांब नव्हती. मधोमध होती. मी त्याच्याशी वाद घातला नाही, आणि तराजू परत कधी नेला नाही. आमची नेहा तेव्हा पाच वर्षांची होती. तिनं एवढंच विचारलं, "वेल्टाआजीचा भाऊ येत का नाही? लांब आहे का त्याचा घर?"

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९८८च्या ऑगस्टमध्ये पुण्यात माझे वडील, आप्पा, गेले. व्हिसाच्या कागदांत माझा पासपोर्ट अडकलेला, तो हातात येईपर्यंत सगळं उरकून गेलं होतं. दहावा, बारावा, सगळं. मी इथे लॅबमध्ये लोकांची साखर मोजत बसले. रडले नाही, सुधीरवर, नेहावर, सगळ्या जगावर नुसती खेकसत राहिले. ऑक्टोबरमध्ये वेल्टानं बोलावलं तेव्हा टेबलावर नऊ ताटल्या होत्या. तिनं नावं पुकारली, आणि सातांनंतर, कार्लिसच्या आधी, "आप्पा," म्हणाली. तिच्या तोंडी ते 'आपा' झालं. मला हसू फुटायच्या बेतात होतं, कारण आमच्या आप्पांना शिळी पोळीदेखील चालायची नाही, हा आंबट काळा ब्रेड ते काय खाणार? तासाभरानं तिनं आप्पांचा तुकडा हातात घेतला. "हलका." मग पेल्याकडे बघून म्हणाली, "बिअरला हात लावलेला नाही." आप्पा आयुष्यभर दारूच्या थेंबालाही शिवले नाहीत. हे मी तिला कधीही सांगितलेलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात, तिच्या अ‍ॅप्रनमध्ये तोंड खुपसून मी पहिल्यांदा रडले. वेल्टानं मला कधी विचारलं नाही की तुझा विश्वास बसला का. पण तेव्हापासून माझ्यावर तिचं एक देणं झालं असं मी मनाशी धरलं, आणि पुढे माझ्या हातून जे झालं ते त्यामुळेच झालं.

१९९१ साली लाटव्हिया स्वतंत्र झाला. देश नकाशावर परत आला. वेल्टानं पहिल्यांदा पासपोर्ट काढला, लाटव्हियाचा, आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ती निघाली. आम्हाला वाटलं, आता ती परत येत नाही. दोन आठवड्यांत आली. त्या धक्क्यावर उभं राहून तिनं हाक मारली होती. "तो तिथे नाही," ती म्हणाली. "निघालाय तो. माझ्याकडे यायला निघालाय, पण वाटेत कुठेतरी थांबलाय. लिथुएनिया, पोलंड, जर्मनी, हॉलंड... प्रत्येक सीमेवर एक खोली असते, खोलीत एक माणूस असतो, आणि त्याच्याकडे यादी असते." ती हे वेड्यासारखं बोलत नव्हती. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. "तू तिथेच का राहिली नाहीस?" असं मी विचारलं तर तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "दरवर्षी इथूनच पुकारते मी. माझा पत्ता त्याला इथला ठाऊक आहे ना गं."

तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला. तिच्या देशानं युरोपियन युनियनमध्ये जायला हवं. १९९५ मध्ये अर्ज गेला, तेव्हा तिनं आम्हाला केक करून खिलवला. इतर लोक बाजारपेठ, नोकऱ्या, रशियाची भीती वगैरे बोलायचे. वेल्टाला त्यातलं काही नको होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: नाव पुकारलं गेलं की त्या खोल्यांमधली माणसं उठून जातील, आणि मग कार्लिसला कुणाला विचारावं लागणार नाही. आमच्या ओळखीतले मराठी डॉक्टर माझ्या घरी भेटले की तिला हसून विचारायचे, "वेल्टा, एनी न्यूज फ्रॉम ब्रसेल्स?" ती गंभीरपणे उत्तर द्यायची. अर्जाचं काय झालं, कुठले प्रश्न विचारले, कुठली उत्तरं गेली, सगळं तिला तोंडपाठ असायचं. मी तिची चेष्टा कधी केली नाही, पण इतरांची थांबवलीही नाही. हेही इथे कबूल करून टाकते.

१९९७च्या डिसेंबरमध्ये निकाल लागायचा होता. मी शिफ्टवरून परस्पर तिच्याकडेच गेले. दुपारची वेळ, रेडिओ लावलेला, ती कोट घालून बसली होती, घरातल्या घरात. बोलणी सुरू करायला बोलावलेल्या देशांची नावं वाचली गेली. पोलंड. हंगेरी. शेजारच्या एस्टोनियाचं नाव आलं तेव्हा तिनं मान वर केली. सहा नावं झाली आणि संपली. बाकीच्यांचं नंतर बघू, असं निवेदक म्हणाला. वेल्टानं रेडिओ बंद केला. "अगदी हेच शब्द," ती म्हणाली. "धक्क्यावरचा तोही हेच म्हणाला होता. उरलेल्यांची नंतर." मी काहीबाही समजूत घालत होते. ती माझं ऐकत नव्हती, मागच्या दाराकडे बघत होती. "ऐकलं असेल गं त्यानंही," ती म्हणाली, "आता पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहील." खरं सांगते, त्या क्षणी मला तो दिसला. ओव्हरकोटातला एकोणीस वर्षांचा मुलगा, कुठल्याशा खोलीबाहेर, भिंतीला न टेकता उभा. अजूनही कधी एअरपोर्टच्या रांगेत उभी राहिले की मी मागे वळून बघते.

या वर्षीच्या उन्हाळ्यात वेल्टाला कॅन्सर झाल्याचं कळलं. रिपोर्ट आमच्याच लॅबमधून गेला. ऑक्टोबरपर्यंत तिला उठवेना. पलंग खाली मागच्या खोलीत आणला. "या वर्षी तू मांड," ती म्हणाली. मी मांडलं. आठ ताटल्या आणि आप्पांची नववी. नावं पुकारली, लाटव्हियन नावं माझ्या पुणेरी उच्चारात, पण पुकारली. तासाभरानं एकेक तुकडा तिच्याकडे नेऊ लागले, आणि ती तळहातावर घेऊन "हलका" म्हणू लागली. कार्लिसच्या ताटलीशी मी थबकले. हिचं हे शेवटचं वर्ष आहे, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मला ते 'जड' ऐकवेना. मी फडताळातला ब्रेड काढला, एक पातळ तुकडा कापला, त्याच आकाराचा, आणि तो तिच्या हातात ठेवला. मी, जिनं आयुष्यात एक नमुना बदलला नाही.

वेल्टानं तो तळहातावर घेतला. "हलका," ती म्हणाली. मग डोळे मिटून अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. खूप सावकाश. "अगं, हा दुसरा तुकडा आहे," ती म्हणाली. "लहान सुरीनं कापलास." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती रागावली नाही. म्हणाली, "कारखान्यात नव्या पोरी असंच करायच्या. भोक पडलं की घडी घालून द्यायच्या. वाटतं, म्हातारीला बरं वाटेल. पण तो खोटा आलेला मला नको. तो इतकी वर्षं नियमानं थांबलाय, त्याचं थांबणं वाया नको घालवूस."

मी रडत होते. आणि एकदम माझ्या मनात नको ते आलं, आणि मी विचारलंच, "मग अठ्ठ्याऐंशी साली... आप्पांचा तुकडा? तोही तुम्ही मला बरं वाटावं म्हणून...?" वेल्टानं डोळे उघडले. "मी भोक असलेला माल कधी पुढे जाऊ दिला नाही," ती म्हणाली. "कुणासाठीही नाही."

मग तिनं माझ्याकडून एक शब्द घेतला. डिसेंबरात पुन्हा यादी निघणार होती. "मी तोवर असेन-नसेन. नाव निघालं तर एकदा ताटली मांड. हे घर रिकामं होईल, तुझ्याकडे मांड. भिंत एकच आहे, सापडेल त्याला." मी म्हटलं, तुमचीही मांडते. त्यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मांड. बिअर भरून ठेव."

ती गेल्यावर रीगाहून तिची चुलत पुतणी इल्झे आली, तिशीची, घाईतली, चांगली मुलगी. अंत्यविधी झाला. अस्थी घेऊन जाऊन कुटुंबाच्या जुन्या दफनभूमीत, समुद्राजवळ, पुरायचं तिनं ठरवलं. सगळ्यांनाच ते योग्य वाटलं. पंचावन्न वर्षांनी बाई कायमची घरी चालली, मलाही बरंच वाटलं. एअरपोर्टवर मीच सोडायला गेले. इल्झेच्या पिशवीतला तो चौकोनी डबा मी क्षणभर मांडीवर घेतला होता. नको म्हणावं असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं, पण काय ते मला तेव्हा सुचलं नाही. निळ्या काठाच्या दोन ताटल्या तेवढ्या मी ठेवून घेतल्या.

डिसेंबरात एका शनिवारी रेडिओवर नावं वाचली गेली. या वेळी लाटव्हियाचं नाव होतं. सदस्यत्व नव्हे, नुसतं बोलण्यांसाठी बोलावणं, अजून कित्येक वर्षं जायची आहेत, असं निवेदक सांगत होता. पण नाव पुकारलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी आमच्या स्वयंपाकघरात दोन ताटल्या मांडल्या. सकाळीच पोलिश दुकानातून काळा ब्रेड आणला होता. दोन्ही तुकडे एकाच सुरीनं, एकाच जाडीचे कापले. वेल्टाचा पेला काठोकाठ भरला. मागचं दार वीतभर उघडलं. सुधीर वर्तमानपत्रामागून म्हणाला, "अगं, हीटिंग चालू आहे," आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच उठून ते बंद करून आला. मी पहिलं नाव पुकारलं, वेल्टा. थांबले. दुसरं, कार्लिस. थांबले. भिंतीपलीकडचं घर रिकामं होतं, विकायची पाटी लागलेली. तिथून काही आवाज आला असं मी म्हणणार नाही.

बाहेरच्या खोलीत तासभर आम्ही दोघं बसून राहिलो. मग मी आत गेले. तराजू आणायचं मला सुचलंही नव्हतं. आधी वेल्टाचा तुकडा घेतला, मन खंबीर करून, डोळे मिटून. माझी खात्री होती, ती असणारच. भिंतीपलीकडून तर यायचं होतं तिला. तुकडा जड होता. कापला तेव्हा होता तितकाच जड आणि ओलसर. मग दुसरा घेतला. आणि तो माझ्या हातावर असा राहिला की हात आपोआप वर उचलला गेला. मी दोन्ही पुन्हा घेतले, हात बदलून घेतले. एक जड, एक हलका. आत येऊन उभ्या राहिलेल्या सुधीरच्या हातावर ठेवले. त्यानं जीभ टाळ्याला लावली, काहीतरी म्हणणार होता, रेडिएटरचं असेल. रेडिएटर त्यानंच बंद केलेला होता.

तेव्हा मला कळलं, एअरपोर्टवर मनात काय येऊ घातलं होतं ते. पन्नासहून जास्त वर्षं ती इथे थांबली, त्याला पत्ता इथला ठाऊक म्हणून. आणि नाव पुकारलं जायच्या तीन आठवडे आधी आम्ही तिला उचलून तिकडे पाठवून दिलं. बहीणभावाची चुकामूक झाली. आता तो इथे, माझ्या स्वयंपाकघरात, नियमानं, कुणी काही सांगेपर्यंत हलणार नाही असा, आणि ती तिथे समुद्राजवळ.

निरोप देणं माझ्यावरच आलं. मी दाराशी गेले. बाहेर पूर्ण अंधारलं होतं, कुंपणावर धुकं होतं, गार वारा आत येत होता. वेल्टाचे शब्द मला पाठ होते, पण तेवढे पुरणार नव्हते. मी मराठीतच बोलले.

"कार्लिस, आलास, खाल्लंस. ती इथे नाही रे. ती घरी गेली, तुमच्या आईवडिलांच्या गावाला, समुद्राजवळ. आता तूही जा. वाटेनं जा. तुला आता कुणी अडवणार नाही."

मग मी बराच वेळ दार लावलं नाही.